पोंगलपर्यंतचे डोळे

त्यांना पानाचे व्यसन होते, असे प्राचार्यांनी त्यांच्या स्मृतिसभेत सांगितले आणि सभा समजूतदारपणे हसली. हे विधान असत्य आहे. मी त्याच सभेत उभा राहून तसे सांगितले. तेव्हाही सभा त्याच समजूतदारपणे हसली. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी आयुष्यभर कुंभकोणमच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला. साक्ष कोणाची, तो माणूस तेथे हजर होता काय, आणि खोटे बोलून त्याला काय मिळणार होते, एवढे विचारल्यावाचून मी कोणाच्या आजोबांची गोष्टदेखील ऐकून घेत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि विद्यार्थी-परिषदेचे सल्लागार होते. परिषदेच्या बैठकांत प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसत असे. प्राचार्य तेव्हाही हेच होते; पण ते बैठकांना येत नसत. तेव्हा पानाची साक्ष माझी.

कुंभकोणमचे विड्याचे पान खुशाल नावाजलेले असो. हे गृहस्थ ते घरी खात नसत, लग्नाच्या पंगतीनंतर खात नसत, देवळातून आलेला विडा ते शेजारच्याच्या हातावर ठेवीत. परिषदेची बैठक सुरू झाली की मात्र खिशातून केळीच्या पानात बांधलेली पुडी निघे आणि दोन्ही गाल भरतील असा विडा तोंडात जाई. त्याचे कारण त्यांनी परिषदेला घालून दिलेला नियम. प्रथम वर्षाच्या मुलांनी आधी बोलायचे, मग दुसऱ्या वर्षाच्या, मग तिसऱ्या, आणि प्राध्यापकाने सर्वांच्या शेवटी. आपल्या घरांत, देवळांत आणि वर्गांत जो क्रम चालत आला आहे, त्याच्या नेमका उलटा.

"राव," ते मला म्हणाले होते, "मास्तराचं तोंड मोकळं असलं म्हणजे तें बोलतं. बैलास मुसकं बांधतात, तसं मी हें बांधून घेतलं अहे."

त्यांच्या तोंडचे हे 'अहे' आणि 'तें' वाचून पुण्याकडचे वाचक हसतील. एका संपादकांनी माझा पूर्वीचा एक लेख अशी वाक्ये 'सुधारून' पाठवला होता. मी तो पुन्हा बिघडवून परत पाठवला. आम्ही दोघेही तंजावरी मराठी. आमचे पूर्वज मराठा राजांच्या पदरी या मुलुखात आले आणि येथेच राहिले. आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबरठा ओलांडला की तमिळ. स्मृतिसभेत एका वक्त्याने 'महाराष्ट्रातून येऊन आपल्यात मिसळलेले' असा त्यांचा गौरव केला. महाराष्ट्र त्यांनी नकाशात पाहिला होता.

तोंड भरलेले असल्यामुळे बैठकीत ते हाताने बोलत. बोलता बोलता एखादे नवे मूल अडखळले, इकडेतिकडे पाहू लागले, की ते टेबलावर तळवा उताणा ठेवीत आणि बोटे सावकाश उघडीत. याचा अर्थ एकच होता: बोल, पुढे बोल. परिषदेतील प्रत्येक मुलाला ही खूण ठाऊक होती. बाहेरच्या कोणालाही नव्हती. वाचकांनी हा तळवा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्यावरूनच सारे बिनसले.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ते काळी छत्री उघडून फाटकाशी उभे राहत. आईबरोबर, मामाबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे छातीशी धरून आलेल्या प्रत्येक मुलाला थांबवून ते विचारीत, "इंग एन्न तप्पु?" इथे काय चुकते आहे? पालकांना वाटे, हा प्रवेशपरीक्षेचाच एक भाग असावा. मुले घाबरून म्हणत, "ओण्णुम् इल्ले, सार्." काहीच नाही. त्यावर ते म्हणत, "मग उद्या नीट बघून ये."

एका मुलाने मात्र त्यांच्याकडे मान वर करून पाहिले आणि तो म्हणाला, "तुमच्या छत्रीला भोक आहे, सार्. ऊन नेमकं टकलावर पडतंय." (संभाषणे तमिळमधली आहेत, मी मराठीत देतो.) बापाने मुलाच्या डोक्यात टपली मारली. यांनी बापाला बाजूला सारले, मुलाचा हात धरला आणि तेथल्या तेथे विचारले, "परिषदेला उभा राहशील?"

"म्हणजे काय करायचं, सार्?"

"हेच. छत्रीची भोकं सांगायची."

तो उभा राहिला आणि निवडूनही आला. त्याला मी यापुढे छत्रीवाला म्हणेन; तो आज एका पक्षाचा जिल्हा पदाधिकारी आहे आणि त्याला हे नाव आवडणार नाही.

त्यांच्या साऱ्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी एक सिद्धान्त होता, आणि तो कोणीही समजून घेतला नाही. नवा माणूस पोंगलपर्यंतच पाहतो, असे ते म्हणत. जूनमध्ये आलेल्या मुलाला तुटलेली कडी, गळणारा नळ, वर्गात फक्त पुढच्या बाकांशी बोलणारा मास्तर, सारे दिसते. जानेवारीत पोंगल येतो, मूल गावी जाऊन गोड भात जेवून परत येते, आणि त्याला काही दिसेनासे होते. सवय झालेली असते. म्हणून परिषदेत प्रथम वर्षाची मुले पाहिजेत आणि ती पोंगलच्या आत पाहिजेत. "नाट्रु वेळेवर उपटून लावावा लागतो, राव," ते म्हणत. नाट्रु म्हणजे भाताचे रोप. "वाफ्यांतच राहिला तर गाठ धरतो. मग कुठंही लावा, लोंबी भरायची नाही." आणि दुसरे वचन, जे त्यांनी आमच्या प्राध्यापक-कक्षात मोठ्याने उच्चारल्यामुळे त्यांना मित्र उरले नाहीत: "दुसऱ्या वर्षी पोरांची मान वाकते, तिसऱ्या वर्षी ती मुरते, आणि ती मुरलेली मान घेऊन आपण मास्तर होतों."

पण नवी मुले उभी राहत नसत. निवडणूक म्हणजे ज्यांच्यामागे चार मोटारसायकली आहेत त्यांचे काम, अशी त्यांची समजूत. आणि वरच्या वर्गातील मुले प्रथम वर्षाच्या जागांवर आपापले मावसभाऊ बसवीत. तेव्हा हे गृहस्थ सकाळच्या पहिल्या बसने कधी इन्नंबूरला, कधी तिरुक्करुगावूरला, अशा आसपासच्या खेड्यांत रिकाम्या हाताने जात आणि कॉलेजला निघालेल्या मुलांच्या गर्दीत उभे राहून परत येत. वर्गात मूल जे बोलत नाही ते बसमध्ये बोलते, एवढेच त्यामागचे रहस्य. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता कोणी कोणी डोळा मिचकावणारे चित्र टाकून लिहितात की सरांचे इन्नंबूरला 'दुसरे घर' होते. मी सविस्तर खुलासा लिहिला. त्याला उत्तर म्हणून मला जोडलेल्या हातांची चित्रे आली.

त्या इन्नंबूरच्या बसमध्येच त्यांची एका मुलीशी ओळख झाली. तिचे वडील मंगल कार्यालयांना केळीची पाने पुरवीत, आणि ती पहाटे पानांच्या जुड्या बांधून मग कॉलेजला येई. जूनमध्ये फाटकाशी तिने त्यांना उत्तर दिले नव्हते. "बघून सांगते," म्हणाली होती. महिनाभराने प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी येऊन तिने सांगितले.

"सार्, मुलींच्या विश्रांतिगृहाला कुलूप का आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "ती खोली तपासणी समितीसाठी आहे."

मी काही चुकीचे सांगितले नव्हते. तळमजल्यावरच्या त्या खोलीत खाटा होत्या, पंखा होता, आरसा होता, गार पाण्याचे यंत्र होते. दारावर 'मुलींचे विश्रांतिगृह' अशी पाटी होती. आणि बाहेरून तपासणी समिती आली की ती उघडली जाई. खेड्यांतून पहिल्या बसने आलेल्या मुली वर्ग उघडेपर्यंत ग्रंथालयामागच्या पायऱ्यांवर बसत. ज्यांना महिन्याचा त्रास होई, त्या तेथेच गुडघ्यांत डोके घालून बसत. हे सर्वांना माहीत होते.

"पण पाटीवर समिती लिहिलेलं नाही," मुलगी म्हणाली.

ती गेल्यावर ते मला मराठीत म्हणाले, "ऐकिलंत? राव, तुमचे डोळे कितीक पोंगल जेवून बसले अहेत!"

ती निवडणुकीला उभी राहिली आणि निवडून आली. परिषदेने खोली उघडण्याचा ठराव केला. प्राचार्य म्हणाले, "पाहू."

कार्तिकात समिती आली. येथून पुढची हकीकत तीन तऱ्हांनी सांगितली जाते. प्राचार्य म्हणतात, सरांनी मुलीला पढवले होते. छत्रीवाला म्हणतो, सर ऐन वेळी घाबरून गप्प बसले. ग्रुपवरचे लोक म्हणतात, तोंडात पान होते म्हणून बिचाऱ्यांना बोलता आले नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

समितीने परिषदेची भेट मागितली होती. छत्रीवाला तेव्हा तिसऱ्या वर्षाला, परिषदेचा अध्यक्ष. कॉलेजच्या वतीने त्यानेच बोलायचे, असे प्राचार्यांनी त्याला बजावले होते, आणि त्याने भाषण पाठ केले होते. समितीच्या प्रमुख बाईंनी विचारले, "तुमच्यापैकी कोण बोलणार?" आणि येथे आमच्या मुलांच्या हातून असा प्रमाद घडला, जो दुसऱ्या कोणत्याही कॉलेजातील मुलांकडून घडला नसता. सर्वांनी सवयीने प्रथम वर्षाकडे पाहिले. छत्रीवाल्याने स्वतःसुद्धा. भाषण त्याच्या ओठांवर होते आणि मान मात्र त्या मुलीकडे वळली होती.

ती उठून म्हणाली, "सकाळी तुम्ही ज्या खोलीत कॉफी घेतलीत ना, मॅडम, ती आमची आहे. ती काल उघडली. तुम्ही गेलात की बंद होईल."

प्राचार्य हसले. "नवीन आहे ती. लहान आहे. तिला अजून काही माहीत नाही. सार्, तुम्हीच सांगा ना मॅडमना."

मुलगी थांबली आणि तिने सरांकडे पाहिले. त्यांच्या तोंडात विडा होता. तो थुंकता आला असता. तस्त पायाशीच होते. त्यांनी तो थुंकला नाही. प्राचार्यांना त्यांच्या तोंडून एकच वाक्य हवे होते, की मुलगी चुकते आहे. ते वाक्य न बोलणे याला जे भित्रेपणा म्हणतात, त्यांनी आयुष्यात कधी प्राचार्यांसमोर गप्प बसून पाहावे. त्यांनी टेबलावर तळवा उताणा ठेवला आणि बोटे उघडली.

मुलगी पुढे बोलली. पायऱ्यांविषयी बोलली, गुडघ्यांत डोके घालून बसणाऱ्या मुलींविषयी बोलली. आणि समितीतील एका गृहस्थांनी चष्मा काढून म्हटले, "हे प्राध्यापक तिला खुणा करत आहेत."

छत्रीवाल्याला वाटले, आपण सरांची बाजू सावरावी. तो म्हणाला, "नाही, सार्. आमच्या सार्नीच नियम केलाय, पहिल्या वर्षाने आधी बोलायचं."

त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता. त्यानेच घात केला.

लोक मला विचारतात, तुम्ही तेथे होतात, मग तुम्ही का बोलला नाहीत? मला कोणी काही विचारले नव्हते. हे उत्तर पुरेसे आहे.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावून घेतले. मुलीने एवढेच कबूल करायचे, की हे सारे सरांनी तिला शिकवले. मग ती अजाण ठरेल आणि प्रकरण मिटेल. नाही तर दाखला घेऊन जावे. वडील हात जोडून उभे होते. त्यांच्या बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग होते. मुलीला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विचार करायला सांगण्यात आले.

त्या संध्याकाळी ते इन्नंबूरला निघाले आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. तिच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो. तिच्या आईने कॉफी आणली. सर वडिलांना म्हणाले, "उद्या तिला सांगू द्या, की मी शिकवलं. माझं काही बिघडत नाही. मी निवृत्त व्हायला आलो."

वडील तत्काळ म्हणाले, "सांगेल, सार्. सांगेल ती."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही नाही शिकवलंत, सार्."

"माहीत आहे मला."

"कुलूप मला दिसलं."

"तेही माहीत आहे. पण दाखला हातात दिला तर पुढं काय करशील?"

"पानं बांधीन," ती म्हणाली. "पण तुम्ही शिकवलं असं एकदा म्हटलं, की पुढं मी काहीही बोलले तरी लोक विचारतील, हे कुणी शिकवलं? आत्ता निदान ते माझं आहे."

आईने तिला आत ओढले. वडील म्हणाले, "लहान आहे, सार्." प्राचार्यांचेच शब्द.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कॉलेजात पोचण्याच्या आधी सरांनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सांगितले, की तिचे प्रत्येक वाक्य मी पढवले होते, ती केवळ पोपट होती. हे मी प्राचार्यांच्या शिपायाकडून ऐकलेले नाही. सरांनी जिना उतरता उतरता मला स्वतः सांगितले.

मी म्हटले, "तुम्ही खोटे बोललात."

"अस्की खोटं," ते म्हणाले. सगळेच खोटे. "पोर शिकेल."

मुलगी शिकली. तिला कोणी काढले नाही. परंतु प्रथम वर्षाची मुले प्राध्यापकांच्या हातची बाहुली होतात, हे खुद्द सल्लागारांच्या कबुलीने सिद्ध झाले असल्याकारणाने परिषदेतील त्यांच्या जागा 'तूर्त' रद्द करण्यात आल्या. त्या आजही तूर्त रद्द आहेत. ज्या माणसाने त्या जागांसाठी आयुष्यभर बसने उलटा प्रवास केला, त्याच्याच तोंडच्या वाक्याने त्या गेल्या. आणि आज मी ज्याला ज्याला सांगतो की त्यांनी मुलीला पढवले नव्हते, तो मला ऐकवतो, "पण सार्नी स्वतःच कबूल केलं होतं ना!" इतिहासाच्या मास्तराला याहून कडू साक्ष मिळायची नाही.

मुलीने त्यांना क्षमा केली नाही. पदवी मिळेपर्यंत ती त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसली, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहून दिले आणि तोंडाने एक शब्द बोलली नाही. महामहम तलावाच्या काठाने हे येताना दिसले तर ती रस्ता ओलांडून पलीकडे जाई. मला तिचा राग येई. ते म्हणत, "बरोबर अहे तिचं. मी तिचा दाखला वाचविला. जें तिचं होतं तें माझं म्हणून घेऊन आलों." त्यानंतर ते फाटकाशी उभे राहिले नाहीत. पान तर त्यांनी पुन्हा कधीच तोंडात घातले नाही. निवृत्तीनंतर मी एकदा मुद्दाम विडा पुढे केला. "आता कोण बोलणार अहे, राव," ते म्हणाले, "म्हणून मी गप्प बसूं?"

गेल्या पुरट्टासीत, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, कॉलेजने त्यांची स्मृतिसभा घेतली आणि त्या विश्रांतिगृहाला त्यांचे नाव दिले. आपण कशाला कोणाचे नाव देत आहोत याची प्राचार्यांना कल्पना नसावी, असे ग्रुपवर एकाने लिहिले. मला तसे वाटत नाही. त्यांना पूर्ण कल्पना होती.

वक्ते ज्येष्ठतेप्रमाणे बोलले. प्राचार्य पानाविषयी बोलले. छत्रीवाला सरांच्या 'भोळेपणाविषयी' बोलला, आणि सर घाबरले होते हे त्याने क्षमाशील स्वरात सांगितले. मी मागून ओरडून म्हणालो की ही सभा उलट क्रमाने व्हायला हवी, लहानांनी आधी बोलावे. समोरच्या ओळींत प्रथम वर्षाच्या मुली खुर्च्या भरण्यासाठी आणून बसवल्या होत्या; त्या मागे वळून हसल्या. मला सर्वांत शेवटी बोलू दिले. मी तीनही हकीकती खोडून काढल्या. प्राचार्यांनी आभार मानताना म्हटले, "आमच्या इतिहासाच्या सार्ना सगळं पाठ आहे," आणि चांदीच्या तबकातून विडे फिरवले. मी पान खात नाही. त्या दिवशी घेतले आणि दोन्ही गाल भरले.

खोलीची फीत कापली गेली. नव्या पाटीवर त्यांचे नाव होते. छायाचित्रे झाली, मंडळी कॉफीकडे वळली आणि शिपायाने दाराला कुलूप घातले.

ती तेथेच उभी होती, इन्नंबूरची. आता ती एका खासगी शाळेत शिकवते. सभेत ती सर्वांत मागे बसली होती. मी खोडलेल्या हकीकती तिने ऐकल्या होत्या, पण ती माझ्याशी बोलली नव्हती. आम्ही दोघे त्या कुलपाकडे पाहत होतो. इतक्यात प्रथम वर्षाच्या ज्या मुलीने सभेच्या सुरुवातीला प्रार्थना म्हटली होती ती पाण्याची रिकामी बाटली घेऊन आली. तिने कडी ओढून पाहिली, कुलूप पाहिले, वरची पाटी वाचली आणि माझ्याकडे वळली.

"सार्, ही खोली आमची आहे ना? मग कुलूप का?"

माझे तोंड भरलेले होते. मी हात पुढे केला, तळवा उताणा केला आणि बोटे उघडू लागलो.

शेजारून इन्नंबूरच्या मुलीने माझे मनगट धरले आणि हात खाली दाबला. तिची पकड घट्ट होती.

"ओण्णुम् इल्लेम्मा," ती त्या मुलीला म्हणाली. काही नाही गं. "जा. बस चुकेल तुझी."

मुलगी गेली. पोंगलला अजून पुष्कळ अवकाश होता.